दगडावर बांधलेलं रुखवत

पाण्यातल्या काही झाडांना माती लागत नाही, असं मी सांगितलं की लोक माझ्याकडे जरा संशयाने बघतात. त्यांनी एकदा नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या डोंगरांत जाऊन बघावं. ओढ्याच्या ऐन धारेत, काळ्या दगडांवर नेचे वाढलेले दिसतील. खाली चिमूटभर माती नाही, वरून पाण्याचा मारा, आणि झाड आपलं मजेत. असे नेचे आणि दगडावर वाढणारं दाट शेवाळ आणायचं, ते लहान दगडांवर आणि लाकडांवर बांधायचं, आणि माशांच्या काचेच्या पेटीत मांडून द्यायचं, हा माझा धंदा होता. नगर शहरात, लढाईच्या दिवसांत आणि नंतर स्वराज्य आलं त्याच्या थोडं पुढेपर्यंत. हा धंदा करणारी दुसरी बाई मला भेटली नाही. पुरुषही भेटला नाही, तेव्हा बाईमाणूस असून वगैरे कौतुक कुणी करू नये.

आम्ही सुतार. कापडबाजाराच्या मागच्या बोळात यजमानांचं तसबिरींचं दुकान होतं. देवांच्या, पुढाऱ्यांच्या आणि मयत माणसांच्या तसबिरींना हे चौकटी करत. एकदा कॅम्पातल्या एका कॅप्टनसाहेबाने गळकी माशांची पेटी दुरुस्तीला पाठवली. यांनी काच बसवली. शेजारी रसूलभाईंचं लोखंडकाम होतं, त्यांनी अँगलची चौकट सरळ करून दिली. लांबी मी मळली. जवसाचं तेल आणि खडूची पूड, पोळीच्या कणकेसारखी मळायची आणि काचेच्या सांध्यात दाबून भरायची. पेटी गळायची थांबली. साहेब खूश झाला आणि त्याने विचारलं, आत झाडं लावणारा कुणी आहे का? हे ‘आहे’ म्हणाले आणि घरी येऊन मला सांगितलं. धंदा असा सुरू झाला.

नेच्याला एक आडवं खोड असतं, आल्याच्या कांडीसारखं, पण बारीक. खालून मुळं, वरून पानं. हे खोड वाळूत पुरलं की कुजतं. पहिली खेप आम्ही वांग्याची रोपं लावावीत तशी वाळूत खोचली आणि ती बघता बघता काळी पडली. मग बाजारात हिरडे विकायला येणाऱ्या माणसांबरोबर मी त्यांच्या गावी गेले, ओढ्यात उतरून बघितलं आणि शहाणी होऊन आले. खोड दगडावर आडवं ठेवायचं, मुळं दगडाच्या खाचेकडे वळवायची आणि वरून सुती दोरा फिरवायचा. इतका घट्ट, की पाण्यात हलणार नाही. इतका सैल, की खोड कापलं जाणार नाही. सुती दोराच का, तर तो पाण्यात कुजतो. दोरा कुजून गळेपर्यंत मुळांनी दगड धरलेला असतो. रेशीम लवकर कुजत नाही आणि खोडाला काचतं. लोखंडी तार गंजते. तांब्याची तार सगळ्यांत वाईट, कारण तांबं पाण्यात उतरतं आणि मासे मरतात. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन वाढलेल्या आपल्या माणसांना हे पटवणं फार जड जातं.

लढाईत सूत कंट्रोलमध्ये गेलं तेव्हा मी जुनी धोतरं उसवून दोरे काढत असे. यांचं एक धोतर कॅप्टनसाहेबाच्या दिवाणखान्यात पाण्याखाली कुजलं, असं मी चारचौघांत सांगितलं की हे उठून आत जात.

दगड निवडणं सोपं. काळा, खडबडीत दगड चांगला. चुनखडीचा नको, तो पाणी बिघडवतो. ओळखायचा कसा, तर वर लिंबू पिळायचं. फेस आला की तो टाकून द्यायचा. लिंबू घेऊन दगडांमागे फिरणारी बाई म्हणून माझी थोडी ख्याती झाली होती. लाकडाचं काम जास्त किचकट. सीना नदीला पूर येऊन ओसरला की काठाच्या बाभळींत मुळं आणि फांद्या अडकून राहत. पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या, वाकड्यातिकड्या. त्या आणून परटाच्या भट्टीत उकळायच्या, नाहीतर पेटीतलं पाणी चहासारखं होतं. उकळूनही लाकूड तरंगतंच, म्हणून त्याला खालून शहाबादी फरशीचा तुकडा बांधायचा. परीट म्हणायचा, लोकांचे कपडे धुतो, आता तुमची लाकडंही धुतो, उद्या दगड आणा.

दगड त्याच्याकडे नेले नाहीत, पण ते धुणारा माणूस भेटला. कॅम्पातल्या एका मेमसाहेबाच्या बंगल्यात मी शेवाळाचे दगड मांडून दिले. हिरव्या मखमलीसारखं शेवाळ, मला स्वतःला आवडलेलं काम. आठवड्याने गेले तर दगड लख्ख काळे. बंगल्यावरच्या बेअररने ते एकेक बाहेर काढून राखेने आणि काथ्याने घासले होते. मला बघून त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं, “बाई, केवढं शेवाळ धरलं होतं! तुम्ही दगड धुऊन आणत नाही का?” मेमसाहेब आणि मी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की भाषेची गरज पडली नाही.

गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यातही आमची पेटी होती. मी तिथे नेचे मांडत होते आणि पारनेरकडचा एक म्हातारा बाकावर बसून ते बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

“बाई, ह्या झाडानं काय चोरी केली का?”

“का हो?”

“मंग बांधलंय कशापायी?”

“पळून जाऊ नये म्हणून.”

“व्हय,” तो डॉक्टरांच्या दाराकडे बघत म्हणाला. “माझ्या पोरानं मला बी धरूनच बशिवलंय.”

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ. पण माझ्या या कामातली सगळ्यांत मोठी परीक्षा गिऱ्हाइकाकडे झाली नाही, आमच्याच मांडवात झाली. आणि ती माझी नव्हती, माझ्या नणंदेची होती.

इंदू म्हणजे यांची धाकटी बहीण. सासू-सासरे लवकर गेले, त्यामुळे ती माझ्याच हाताखाली वाढली. झाडं बांधायला मी तिला शिकवलं आणि वर्षभरात ती माझ्या पुढे गेली. मी बांधलेलं टिकायचं. तिने बांधलेलंही टिकायचं, शिवाय दोरा कुठून फिरवलाय ते शोधून सापडायचं नाही. दगड हातात घेऊन ती तो नुसता फिरवत बसायची. मी म्हणायची, “इंदे, तो दगड आहे, नवरा नाही, किती पारखशील?” ती म्हणायची, “वहिनी, नवरा तुम्ही पारखा, दगड मला पारखू द्या.”

नवरा पारखायचं काम मात्र लांबत चाललं. तिच्या बरोबरीच्या मुलींना दोन-दोन लेकरं झाली. चांगली स्थळं आली, पण इंदू प्रत्येकाला सरळ सांगायची, मी लग्नानंतरही हे काम करणार. समोरची माणसं हसायची, मग गप्प व्हायची, मग पोहे संपवून निघून जायची. यांनी तिला समजावून पाहिलं. मी समजावलं नाही. तिचे हात काय करू शकतात ते मी रोज बघत होते, आणि ते हात नुसत्या भाकऱ्यांना जावेत असं मला वाटत नव्हतं. माझा स्वार्थही होता. ती गेली की माझं काम निम्म्यावर येणार हे मला दिसत होतं, आणि पुढे ते आलंच.

मग तिसगावचं स्थळ आलं. मुलगा पांडुरंग, गाड्या आणि औतं करणारा. बोलायला कमी, पण आमच्या दुकानातली एक चौकट हातात घेऊन त्याने तिच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, तेव्हाच हे विरघळले. बोलण्याचं सगळं काम त्याची आई करत होती. सगुणाबाई. वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिनेच चालवलेलं. उंच, सावळी, कपाळावर आणेलीएवढं कुंकू.

“सैपाक येतो?” तिने इंदूला विचारलं.

“येतो.”

“शिवनं-टिपनं?”

“येतं. आणि दगडावर झाड बांधता येतं.”

सगुणाबाईने आपल्या लेकाकडे बघितलं, मग आमच्याकडे. “आमच्याकडं दगुड लई हायेत,” ती म्हणाली. “झाडंच न्हाईत.”

आम्ही हसलो. इंदू हसली नाही. तिने दुकानातली पेटी दाखवली आणि लग्नानंतर हे काम चालू ठेवायचं आहे हेही सांगून टाकलं. सगुणाबाई पेटीपुढे बसली आणि काचेला बोट लावून पाणी कुठवर आहे ते तिने मोजलं.

“येवढं पानी?” ती म्हणाली. “माशाला? पोरी, तिसगावात चैताच्या पुढं आमी एका घागरीसाठी आडावर बसून ऱ्हातो. आन तू माशाला हौद भरनार?”

“पाणी रोज बदलायचं नसतं, आत्याबाई. उडून जातं तेवढंच तांब्याभर वरून घालायचं.”

“म्हनायला सोपं हाय.” ती उठली. “मुलगी मला पसंत हाय. हे दगुड-पानी न्हाई. पन मी कुनाचं ऐकून ठरवनारी बाई न्हाई, बघून ठरवनारी हाय. रुखवतात मांड तुजी पेटी. हातचं काम हाय का इकतचं, आन त्याला पानी किती लागतं, मी बघंन. पटलं तर तिसगावात कर. न्हाई पटलं तर लगीन झाल्यावर ह्या दगडाचं नाव काढायचं न्हाई. कबूल?”

“कबूल,” इंदू म्हणाली. पांडुरंगाने तेवढ्यात मान वर करून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

रुखवत म्हणजे मुलीच्या हातची कला. लग्नाच्या दिवशी मांडवात मांडायची आणि वरपक्षाच्या बायकांनी येऊन ती वाखाणायची किंवा नाक मुरडायचं. लोकरीचे ससे, मण्यांची तोरणं, साखरेची वृंदावनं, करंज्यांची बैलगाडी, हे सगळीकडे असतं. इंदूने ते सगळं मैत्रिणींवर सोपवलं आणि स्वतः पेटीला लागली. लग्नाच्या कितीतरी आधी तिने दगड बांधले. मांडवात दोरा दिसता कामा नये, तो तोवर कुजून गळलेला पाहिजे आणि मुळांनी दगड धरलेला पाहिजे, असा तिचा हिशेब. सीनेच्या काठचं एक मूळ तिने निवडलं होतं, वाकून पाण्यावर झुकलेल्या झाडासारखं. त्याच्या फांद्यांवर शेवाळ, खाली नेच्यांचे दगड उतरते मांडलेले, मध्ये वाळूची पांढरी वाट. त्यातून ओढ्यातले बोटभर लांबीचे, पट्ट्यांचे मासे फिरत होते. रसूलभाईंनी चौकट नवी करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. “भाभी, ही पेटी माझ्या पोरीची हाय,” एवढंच म्हणाले.

लग्न आमच्याच दुकानामागच्या अंगणात होतं, मुहूर्त गोरज. दुपारी वऱ्हाड आलं. मांडवात पेटी अशा जागी ठेवली होती की उन्हाची तिरीप पाण्यातून जाऊन भिंतीवर हलत होती. पोरं तिथेच खिळली. मग वरमाई आली, मागे तिच्या बहिणी, जावा, शेजारणी, हातांत हळदी-कुंकवाचे करंडे.

सगुणाबाईने करंज्यांच्या बैलगाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती थेट पेटीपुढे आली, बाह्या वर सारल्या, हात पाण्यात घातला आणि एका नेच्याला बुडख्याशी धरून वर ओढलं. नेचा सुटला नाही. त्याच्याबरोबर अख्खा दगड पाण्याबाहेर आला आणि टपटप गळत तिच्या हातात लटकत राहिला.

“डिंकानं चिकटवलंय?”

“नाही आत्याबाई,” इंदू म्हणाली. ती हिरवा चुडा भरून, मुंडावळ्या बांधून आतल्या दारात उभी होती. “त्यानंच धरलंय. मी नुसतं शेजारी बसवलं.”

म्हातारीने दगड उलटा करून बघितला. मुळं खाचांत शिरून बसली होती. तिने तो जिथला तिथे परत ठेवला, इतक्या हलक्या हाताने की वाळूही उठली नाही. मागे सरली, पेटीकडे नीट बघितलं. हिरवंगार, वाहत्या ओढ्याचा तुकडा उचलून आणावा तसं ते दिसत होतं.

“ही तर गंगा बसवली गं पोरीनं,” ती म्हणाली आणि तिने हात जोडले.

मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. इंदू परीक्षा पास झाली असं आम्हाला वाटलं. त्या आनंदात पुढचं आमच्या लक्षातच आलं नाही. गंगा म्हटल्यावर आपली बायकामाणसं काय करतात? सगुणाबाईने चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू पाण्यात वाहिलं, कनवटीचा ढब्बू पैसा काढून वर सोडला आणि पुन्हा नमस्कार केला. मागच्या बायका वाटच बघत होत्या. वरमाईने वाहिलं म्हणजे सगळ्यांनी वाहायला हवं. हळद, कुंकू, अक्षता, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, सगळं त्या पेटीत पडायला लागलं. कुणी तर करंडाच झटकला. बघता बघता पाणी आधी पिवळं झालं, मग केशरी.

तांब्याचं विष हळू उतरतं, ते अजून व्हायचं होतं. पण हळद माशांच्या कल्ल्यांत लगेच जाते. मासे वर आले आणि तोंडं उघडी करून पाण्याच्या कडेला हवा घ्यायला लागले. पोरं ओरडली, “मासे गातायत, मासे गातायत!”

यांनी मला बाजूला ओढलं. “आता?”

“आता दगड आणि मासे बाहेर काढायचे आणि पाणी बदलायचं.”

“वरमाईनं वाहिलेलं बाहेर काढायचं? तिच्यादेखत? ती रुसून बसली तर मुहूर्त टळेल. तिला जेवायला नेऊ दे, मग काढ.”

त्यांचं चुकत नव्हतं. वरमाईने वाहिलेलं कुंकू उपसून टाकणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावल्यासारखं. आणि हे काम तिसगावला जाणार की नाही, तेही तिच्याच हातात. म्हणजे मासे वाचवले तर इंदूचं काम जाणार आणि मान राखला तर मासे जाणार. मी त्यांना “थांबा, विचार करू” असं म्हणेपर्यंत माझ्या शेजारून हिरवा चुडा वाजत गेला. इंदू पेटीपाशी पोचली होती.

“आत्याबाई,” ती म्हणाली. “तुम्ही गंगा म्हणून वाहिलंत, मला फार बरं वाटलं. पण नदी वाहते म्हणून तिला हळद-कुंकू झेपतं. ही पेटी वाहत नाही. वाहिलेलं सगळं माशांच्या अंगावर राहतं. पैसे तांब्याचे आहेत, तेही त्यांना बाधतात.”

सगुणाबाईने पेटीत बघितलं. “ते गात न्हाईत व्हय?”

“नाही. गुदमरतायत.”

“मरत्याल?”

“असंच ठेवलं तर मरतील.”

“माझ्या हातनं?”

मागून कुणीतरी बाई कुजबुजली, “आता गं बया,” आणि सगळ्यांनी वरमाईच्या तोंडाकडे बघितलं. भटजी पंचांगावर बोट ठेवून उभे राहिले. यांनी डोळेच मिटले.

सगुणाबाईने पदर कमरेला खोचला. “मंग हुब्या काय ऱ्हायलात समद्याजनी? बादल्या आना की! लगीन काय पळून चाललंय?”

त्यानंतर आमच्या अंगणात जे झालं, ते मी आजवर कुठल्याही लग्नात बघितलेलं नाही. दुकानात आणखी दोन पेट्या होत्या, त्यांतलं मुरलेलं पाणी रसूलभाईंनी बादल्यांत काढलं. नवं पाणी एकदम घालून चालत नाही, मासे दचकतात. मी फडक्याने मासे उचलले. इंदूने मुंडावळ्या मागे टाकल्या, चुडा कोपरापर्यंत सारला आणि एकेक दगड झाडासकट उचलून बादलीत हलवून धुतला. जी झाडं मातीत लावलेली असतात, त्यांची अशा वेळी वाट लागते. मुळं तुटतात, माती उठते, सगळं गढूळ होतं. दगडावर बांधलेल्या बागेचं तसं नाही. ती उचलता येते, धुता येते, हवी तिथे मांडता येते. इतकी वर्षं मी हे गिऱ्हाइकांना सांगत होते, पण त्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी समजला.

सगुणाबाईकडे बादली धरायचं काम होतं आणि दारावरचा पहाराही. तिची एक चुलत जाऊ उशिरा आली. तिला काहीच माहीत नव्हतं. हात जोडून ती पैसा सोडणार, तेवढ्यात म्हातारी गरजली, “ए कोंडे! टाकू नगंस! मासा मरतो!”

“अगं बाई, मला काय ठावं! सगळ्याजनी टाकतात असं बाहेर सांगत हुते.”

“मी टाकला म्हनून! मला अक्कल न्हाई म्हनून तुला बी नगं का?”

पिवळं पाणी बादल्यांत साठलं होतं. माझ्या मनात ते गटारीत ओतायचं होतं. इंदूने मला हात केला. “वहिनी, मोरीत नको. मागे अळूला घाला, आणि उरलं ते पारिजातकाला. हळदीनं त्यांना काही होत नाही.” आणि मी जाईपर्यंत थांबायला नको म्हणून एक बादली उचलून तीच निघाली, मुंडावळ्या पाठीवर, शालू भिजलेला. भटजी हाका मारत होते, “नवरी कुठाय? मुहूर्त जवळ आला!” आणि नवरी परसात अळूला पाणी घालत होती. सगुणाबाई दुसरी बादली घेऊन तिच्या मागोमाग गेली. परसात त्या दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. अळूची पानं मात्र पुढे पुष्कळ मोठी झाली, हे सांगते.

लग्न वेळेवर लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा इंदूच्या दंडाला शेवाळाची एक हिरवी काडी चिकटलेली होती. पांडुरंगाने हार घालताना ती दोन बोटांनी काढली आणि टाकून न देता अंगरख्याच्या खिशात घातली. हे फक्त मला आणि रसूलभाईंना दिसलं. रसूलभाईंनी मला कोपरखळी मारली आणि म्हणाले, “भाभी, पोरगा कामाचा हाय.”

जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली, तरी सगुणाबाईने निकाल काही सांगितला नव्हता. पेटीतलं पाणी निवळलं होतं. बहुतेक मासे तगले होते, दोन गेले. ती पेटीपुढे जाऊन उभी राहिली. इंदू आणि मी मागे.

“इहीनबाई,” ती मला म्हणाली, “पेटी हितंच ऱ्हाऊ द्या.”

इंदूने खाली बघितलं. मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. “म्हणजे तुम्हाला पटलं नाही तर! एवढं सगळं डोळ्यांनी बघून?”

“म्हंजे काय म्हंजे? काच हाय ती. तिसगावच्या वाटंला काय मखमल हातरलीया? फुटंल, सगळं जाईल. पेटी पांडू करील तिकडं, सुताराचं घर हाय आमचं. दगुड तेवढं काढून द्या झाडासकट. मासं बी द्या.”

“आणि पाणी?” मी विचारलं. “चैताच्या पुढचं?”

“ते मी बघितलं,” ती म्हणाली. “मला वाटलं हुतं, पोरगी नगराची, बादली उचलंल आन फेकंल. तिनं हळदीचं पानी बी फेकलं न्हाई. लगीन थांबवून अळूला घातलं.” मग इंदूकडे वळून, “माझ्या दारात एक लिंबोनीचं झाड हाय, वाळत चाललंय. तुझ्या माशाचं पानी त्याला. दुसऱ्या कुनाला द्यायचं न्हाई, आदीच सांगते.”

“बरं, आत्याबाई,” इंदू म्हणाली. एवढं सरळ, एवढं खाली बघून तिने कुणाला ‘बरं’ म्हटलेलं मी पूर्वी ऐकलेलं नव्हतं.

दगड कशात न्यायचे हा प्रश्न निघताच हे लगबगीने आत गेले आणि बहिणीला द्यायची म्हणून घेतलेली, तिचं नाव कोरलेली, लखलखीत तांब्याची घागर घेऊन आले.

सगुणाबाईने कपाळावर हात मारला. “आवं इवाई, तांब्याची? मगा तुमी कुटं हुता, जेवत हुता का?”

सगळं वऱ्हाड हसलं. हे घागर पोटाशी धरून उभे राहिले. शेवटी आचाऱ्यांकडून मातीचा मोठा माठ आला. आत ओलं शेवाळ अंथरून इंदूने दगड एकेक करून बसवले, मुरलेलं पाणी घातलं, मासे सोडले, तोंडाला ओलं फडकं बांधलं. सीनेच्या काठचं ते वाकडं मूळ माठात मावेना, ते पांडुरंगाने खांद्यावर घेतलं.

वऱ्हाडाची लॉरी बोळाच्या तोंडाशी उभी होती. ड्रायव्हरशेजारची जागा वरमाईची, हे ठरलेलंच. सगुणाबाई तिथवर आली, दार उघडलं, आत वाकून सीट हाताने चाचपली, आणि मग इंदूला दंडाला धरून तिथे बसवलं. मांडीवर माठ ठेवला. स्वतः मागे फळीवर, वाजंत्रीवाल्यांच्या शेजारी चढली. सुनेला पुढे बसवून वरमाई मागे बसलेली नगरात तरी त्याआधी कुणी बघितली नव्हती, आणि बोळातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या.

लॉरी हलली तशी म्हातारीने मागून टपावर थाप मारली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “हळू हाक रं! फुडं पानी बसलंय.”